बॅरिटोन गिटारचा सहा तारी बेस: घरच्या घरी कसा करायचा

आमच्या ग्रुपचा बेसवाला नोकरी लागून पुण्याला गेला आणि इकडे आम्ही उरलो तिघं, दोन गिटारवाले आणि एक ड्रमवाला. बेसशिवाय प्रॅक्टिस म्हणजे तर्री नसलेले पोहे, पोट भरते पण खाल्ल्यासारखं वाटत नाही. नवा बेस घ्यायला पैसे नव्हते आणि माझ्याकडे एक बॅरिटोन, म्हणजे नेहमीपेक्षा लांब नेकची आणि खालच्या सुरात लावायची गिटार, दोन वर्षांपासून कपाटावर धूळ खाऊन राहिली होती. ड्रमवाला म्हणे, "अबे तिलाच जाड तारा लाव ना." त्याला वाटलं तारा बदलल्या की झालं. तेवढं सोपं नाहीये, पण फार अवघडही नाहीये, आणि त्यात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये म्हणून हे सगळं लिहून काढतोय. ज्यांनी आजवर फक्त तारा बदलल्यात, कधी कानस हातात घेतली नाही, अशांसाठीच आहे हे.

आधी एक घोळ मिटवू. सहा तारी बेस म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे तो रुंद नेकचा, बी ई ए डी जी सी ट्यूनिंगचा, जो अमेरिकन बेसवादक अँथनी जॅक्सनच्या डोक्यातून १९७५ च्या सुमारास निघाला. तो बॅरिटोनमधून होत नाही, विसरून जा. दुसरा म्हणजे नेहमीच्या गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली लावलेला, ई ए डी जी बी ई. डॅनइलेक्ट्रो कंपनीने असा १९५६ मध्ये काढला आणि फेंडर कंपनीने १९६१ मध्ये बेस सिक्स काढला, ३० इंच स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३० इंच. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत उभ्या बेसच्या जोडीला हा तळहाताने दाबून टकटक वाजवायचे, त्याला टिक-टॅक बेस म्हणायचे. क्रीम या रॉक बँडच्या सुरुवातीच्या दिवसात त्यांचा बेसवाला जॅक ब्रूस हाच वाजवायचा, आणि बीटल्समध्ये बेसवाला मॅककार्टनी पियानोवर बसला की लेनन नाहीतर हॅरिसन हा गळ्यात घालायचे. आपल्याला हा दुसरा करायचा आहे. गिटारवाल्यांसाठी फायदा असा की सगळे कॉर्ड, सगळे सुरांचे स्केल जसेच्या तसे, नवीन काही पाठ करावं लागत नाही.

आता पहिलं काम, आणि हे तारा ऑर्डर करायच्या आधी करायचं: आपल्या गिटारचा स्केल मोजा. नटच्या (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) आतल्या कडेपासून १२ व्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या मधोमधपर्यंत टेपने मोजायचं आणि दुप्पट करायचं. बॅरिटोन म्हणून जे विकलं जाते ते २७ पासून ३० इंचापर्यंत काहीही असू शकते. स्क्वायरची बॅरिटोन कॅब्रोनिटा २७ ची, पीआरएसची एसई २७७ ही २७.७ ची, आयबानेझची आरजीआयबी ६ ही २८ ची, ग्रेचची जी ५२६० ही पावणेतीसची. पावणेतीस किंवा तीस असेल तर तुम्ही नशीबवान, तो जवळजवळ बेस सिक्सच आहे. माझी २७ ची होती, म्हणून मला जास्त कुटाणे करावे लागले.

स्केलचं एवढं काऊन बोलून राहिलो ते सांगतो. तारेचा ताण हा लांबी आणि फ्रिक्वेन्सी यांच्या गुणाकाराच्या वर्गावर चालतो. म्हणजे तीच तार, तोच सूर, पण लांबी ३० वरून २७ वर आली की ताण १९ टक्के कमी होतो. बेसची खालची ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, बॅरिटोनची खालची बी ६१.७ हर्ट्झ. ०.०८४ इंचाची तार ३० इंचावर ई ला लावली तर माझ्या हिशोबाने साडेआठ किलोच्या आसपास ताण येतो, २७ वर फक्त सातच्या आसपास. आणि बॅरिटोनची ०.०६८ ची बी त्याच २७ वर दहा-अकरा किलो घेते. म्हणजे काय होईल, खालची ई पातळ वरणासारखी लोळेल, पिक मारला की सूर आधी वर जाईल मग खाली येईल. यावर उपाय एकच, जाड तार. ०.०९५ लावली तर २७ वरही ताण नऊच्या आसपास जातो आणि ते चालून जाते.

नेक तुटेल का, हे मला तिघांनी विचारलं. नाही तुटत. तारा जाड आहेत पण सूरही खाली आहे, त्यामुळे सहाही तारांचा मिळून ताण जुन्या सेटइतकाच राहतो, दोन्हीकडे ६० किलोच्या आसपास. फक्त वाटणी बदलते, बारीक तारांच्या बाजूला थोडा वाढतो आणि जाडीकडे कमी होतो. आणि हे फक्त खऱ्या बॅरिटोनबद्दल. साध्या साडेपंचवीस इंची गिटारवर हा प्रयोग करू नका, खालची ई तिथे बिलकुल ऐकण्यासारखी लागत नाही.

तारांचे दोन सेट सहज नजरेत येतात. डॅडारिओचा ईएक्सएल १५६, त्यात ०.०२४, ०.०३४, ०.०४४, ०.०५६, ०.०७२, ०.०८४. आणि ला बेलाचा २६ ते ९५ वाला, म्हणजे ०.०२६ ते ०.०९५ इंच. ३० इंचाला पहिला पुरतो, २७-२८ ला दुसराच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, पैसे थोडे जास्त गेले तरी. नागपुरात दुकानात या तारा मला तरी मिळाल्या नाहीत, दुकानदाराने आधी चार तारी बेसचा सेट काढून दाखवला आणि मग म्हणे सहा पाहिजे तर दोन सेट घ्या. शेवटी ऑनलाइन मागवल्या आणि तीन आठवडे वाट पाहिली. म्हणून दोन सेट एकदमच मागवा, का ते पुढे कळेल. साध्या लाँग स्केल बेसची सुटी तार मागवून जुगाड करायचा विचार मनात आला असेल तर एक लक्षात ठेवा, तिच्या टोकाचा गोळा गिटारच्या तारेपेक्षा मोठा असतो, ब्रिजमध्ये बसेलच असं नाही, आणि ती ३४ इंचासाठी बनवलेली असल्याने ट्यूनिंग कीपाशी तिचा पूर्ण जाड भाग येतो.

हत्यारं काय लागतात. व्हर्नियर कॅलिपर, हे नसेल तर कामाला हातच लावू नका, स्वस्तातला प्लॅस्टिकचा डिजिटल पण चालतो. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्या, जे गाडीचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तेच, इतवारीत हार्डवेअरच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मागा. बारीक गोल कानसींचा सेट. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुया येतात, एका पत्र्याच्या पाकिटात दहा-बारा, त्या बारीक खाचांसाठी एक नंबर काम करतात, नटच्या खास कानसी खूप महाग असतात आणि एका गिटारसाठी त्या घेणं मला तरी परवडलं नाही. ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, अ‍ॅलन की, फेविक्विक, पेन्सिल, मास्किंग टेप. आणि नवा नट, हाडाचा कोरा तुकडा. हा ऑनलाइन मिळतो, आपल्या जुन्या नटची लांबी, रुंदी, जाडी मोजून त्यापेक्षा थोडा मोठा घ्या.

जुन्याच नटच्या खाचा रुंद करता येतात, बरेच जण तेच करतात. मी म्हणतो करू नका. एक तर चुकलात तर परतीचा रस्ता बंद, आणि दुसरं म्हणजे खाचांमधलं अंतर जुन्या बारीक तारांच्या हिशोबाचं असते. जाड तार त्याच मध्यावर बसवली की ती एका बाजूने नेकच्या कडेला सरकते आणि दुसऱ्या बाजूने शेजारणीला चिकटते.

काम सुरू करायच्या आधी फोनने सगळे फोटो काढा, नट, ब्रिज, मागून, पुढून. १२ व्या फ्रेटवर तार किती वर आहे ते मोजून लिहून ठेवा. मग तारा हळूहळू सैल करा, सगळ्या एकदम कापू नका, उडालेली तार डोळ्यात गेली तर बेस राहिला बाजूलाच.

नट काढताना त्याच्या चारही बाजूंनी पॉलिशवर धारदार कटरने रेघ मारा, नाहीतर नटबरोबर पॉलिशचा टवका निघतो. मग लाकडाचा छोटा ठोकळा फ्रेटबोर्डच्या बाजूने नटला टेकवून हातोडीने हलके टिचके मारा. ठोकायचं नाही, टिचके. माझा पाचव्या टिचक्याला निघाला. खाली जुना गोंद राहिला असेल तर खरवडून साफ करा.

नवा नट पॉलिश पेपरवर घासत घासत खाचेत नीट बसेल असा करा. काच किंवा गुळगुळीत टाइलवर पेपर चिकटवा आणि त्यावर नट घासा, म्हणजे बूड सपाट राहते. हाडाची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, आणि घरात करू नका, वास डेंटिस्टच्या खोलीसारखा येतो. आमच्या मातोश्रींनी मला गच्चीवर पाठवलं आणि ते बरोबरच होतं.

आता खाचांची आखणी, आणि इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे. तारांच्या मध्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं नसते, तारांच्या मधली मोकळी जागा सारखी ठेवायची असते. समजा नट ४३ मिलिमीटरचा आहे, दोन्ही कडांना ३-३ सोडले, उरले ३७. ईएक्सएल १५६ च्या सहा तारा मिलिमीटरमध्ये ०.६१, ०.८६, १.१२, १.४२, १.८३ आणि २.१३, बेरीज ७.९७. ३७ मधून ७.९७ गेले २९.०३, त्याला पाच फटींनी भागलं की ५.८. म्हणजे बाहेरची तार, मग ५.८ मिमी जागा, मग दुसरी तार, असं करत पेन्सिलने आखायचं. आधी कागदावर काढा, कागद नटवर चिकटवा, मग खूण करा. आणि खूण करून झाली की थांबा, चहा प्या, परत मोजा. मी पहिल्या वेळी कागद उलटा चिकटवला होता, जाड तारेची जागा बारीकीकडे. कानस लावायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो.

खाच तारेपेक्षा अगदी केसभर रुंद पाहिजे, ०.०५ ते ०.१ मिमी. अरुंद झाली तर तार अडकते आणि ट्यूनिंग करताना टिक टिक आवाज करत उडी मारते, फार रुंद झाली तर तार खाचेत डुगडुगते आणि सतारीसारखा झणझणाट येतो. सतारीत तो हवा असतो, इथे नको. २ मिमीच्या वरची खाच करायला माझ्याकडे त्या मापाची कानस नव्हती, तेव्हा ०.०७२ च्या जुन्या तुकड्यावर ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळून घासलं, वेळ लागतो पण गोलाई मस्त येते. कानस धरताना ती हेडस्टॉककडे थोडी खाली झुकलेली पाहिजे, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकते. उलटा उतार झाला तर सूर कधीच नीट लागणार नाही आणि तुम्ही ब्रिजला शिव्या देत बसाल.

खोली एकदम करू नका. आधी थोडी खोल करा, फक्त तार बसेल एवढी. शेवटची खोली तारा लावून, ट्यून करून मगच. तपासायची पद्धत अशी की तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तिथे कागद जाईल एवढीच फट राहिली पाहिजे, जाड तारेला थोडी जास्त चालते. फट दिसतच नसेल तर खाच जास्त खोल गेली, मग फेविक्विक आणि हाडाचा भुगा भरून परत घासायचं, तात्पुरतं चालते. नट चिकटवताना फेविक्विकचे फक्त दोन छोटे थेंब, कारण उद्या काढावा लागला तर निघाला पाहिजे.

आता ट्यूनिंग कीज. इथेच बहुतेक लोक अडकतात. कीच्या खांबाला जे भोक असते ते कॅलिपरने मोजा. माझ्याकडे बरोबर २ मिमी होतं, आणि ०.०८४ ची तार २.१३, ०.०९५ ची २.४१. जाईल कशी. तीन रस्ते आहेत.

पहिला, मोठं भोक असलेल्या कीज बदलायच्या. दुसरा, खालच्या दोन कीज काढून भोक अडीच मिमीचं करून घ्यायचं. खांब साधारण ६ मिमीचा असतो तेव्हा दोन्ही बाजूला पुरेसं मटेरियल उरते. पण हे हातातल्या ड्रिलने गिटारवरच करायला जाऊ नका, बिट घसरला की हेडस्टॉकवर कायमची आठवण. मी हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल प्रेसवर, की नीट शिकंज्यात धरून करून घेतलं, दहा मिनिटांचं काम, त्यांनी पैसे घेतले नाहीत पण हा माणूस गिटारचे तुकडे घेऊन का फिरून राहिला असं बघत होते. भोकाची कड नंतर पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर तार तिथेच तुटते. तिसरा रस्ता म्हणजे तारेच्या टोकाचं वरचं गुंडाळं सोडून फक्त आतली गाभ्याची तार भोकात घालायची. हे होते, पण यातच मी माती खाल्ली.

झालं असं की मी तार मापाने कापली आणि मग गुंडाळं सोडायला लागलो. कापल्यावर गुंडाळं आतल्या तारेवरून सुटून मागे मागे सरकत गेलं, तार लावल्यावर मेलेल्या माशासारखी, आवाजच नाही, नुसता ढब ढब. जाड तारेचा नियम असा की आधी काटकोनात वाकवायची, चिमट्याने चांगली दाबून, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापायची. वाकवल्याने गुंडाळं तिथे जाम होते. गुंडाळं सोडायचं असेल तरी वाकवलेल्या जागेच्या पुढचंच सोडायचं. मला हे माहीत नव्हतं, एकच सेट मागवला होता, परत तीन आठवडे. म्हणून वर दोन सेट म्हटलं. खांबावर दोन वेढे पुरेत, म्हणजे खांबाच्या पुढे साधारण दोन इंच ठेवून वाकवा.

ब्रिजवर आधी हे बघा की तार आरपार जाते का. बॉडीतून किंवा ब्रिजच्या पट्टीतून तार येत असेल तर ते भोक पण मोजा, गोळ्याजवळ तारेवर डबल गुंडाळी असते आणि ती तारेपेक्षाही जाड असते. ट्यून-ओ-मॅटिक प्रकारचा ब्रिज असेल तर सॅडलच्या (ब्रिजवर तार जिथे टेकते ते तुकडे) खाचा रुंद कराव्या लागतील, गोल कानसीने, खोल नाही, फक्त रुंद, तार अर्धी आत अर्धी बाहेर. ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज, असेल तर लाकडाची चकती ठोकून तो जाम करून टाका. एकावेळी एवढंच सांभाळा.

तारा लावल्या की लगेच पूर्ण सुरात ओढू नका. सगळ्या थोड्या थोड्या, फेरी मारत, आणि सुरात आल्यावर एक गोष्ट करा जी कोणी सांगत नाही, नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे प्रत्येक जाड तार अंगठ्याने हलकी खाली दाबा. जाड तार ताठ असते, ती सॅडलवरून कमान करून येते, दाबल्याने तिचा टेकू पक्का होतो. हे न करता इंटोनेशनला, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल असं जुळवायला, बसलात तर अर्धा दिवस वाया. मग रात्रभर तशीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी नेक. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फट मोजायची, ०.३ मिमीच्या आसपास पाहिजे, जाड तार जास्त हलते म्हणून गिटारपेक्षा किंचित जास्त. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवायची सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलटा, एकावेळी पाव फेरा, त्यावर नाही, आणि प्रत्येक वेळी परत ट्यून करून मोजायचं. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि जाणत्याला दाखवा.

इथे नागपूरवाल्यांसाठी खास. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि हवा पापडासारखी कोरडी, पण घरात कूलर चालू असते आणि कूलरच्या खोलीत दमटपणा एकदम वर. गिटार कूलरच्या झोतासमोर ठेवून सेटिंग केली आणि मग बेडरूममध्ये ठेवली तर नेक दोन दिवसात वेगळं बोलते. म्हणून ज्या खोलीत वाजवता त्याच खोलीत, कूलर चालू असेल तर चालूच ठेवून, एक दिवस गिटार तिथे राहू दिल्यावर सेटिंग करा. आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की एकदा परत फट मोजायची, दरवर्षी.

अ‍ॅक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, १२ व्या फ्रेटवर जाड ई ला अडीच मिमीच्या आसपास, बारीक ई ला १.८ ते २. बेसवाले खाली आवडते म्हणतात, पण २७ इंचावर खालची ई फार खाली आणली तर फ्रेटवर आपटते, मी २.७ वर ठेवली आहे.

इंटोनेशन. मोकळ्या तारेचा १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या बोटाच्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि १२ वा फ्रेट दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत. दाबलेला वर जात असेल तर सॅडल मागे, नटपासून लांब, खाली जात असेल तर पुढे. क्लिपवाल्या ट्यूनरला ४१ हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, तो वेड्यासारखा ए दाखवतो ई दाखवतो, तेव्हा गिटार वायरने पेडल ट्यूनरला जोडा, टोन कमी करा, नेककडचा पिकअप वापरा, आणि मोकळ्या तारेऐवजी हार्मोनिकने ट्यून करा. खालच्या ई चं सॅडल बहुतेक वेळा मागे टेकते आणि तरी पुरत नाही. मग स्क्रूवरची स्प्रिंग काढून टाका किंवा अर्धी कापा, तेवढ्याने दोन-तीन मिमी मिळतात. सॅडल उलटं फिरवून बसवता येत असेल तर ते करा. माझं यानंतरही वरच्या फ्रेटवर किंचित तीव्र राहते, पण बेसच्या ओळी बहुतेक सातव्या फ्रेटच्या आतच वाजतात, मी सोडून दिलं.

पिकअप बदलायची गरज नाही. बेसचा पिकअप, गिटारचा पिकअप असं काही वेगळं जादूचं नसते, तार हलते तो ऐकतो. फक्त जाड बाजूने एक-दोन मिमी खाली करा, कारण तारेचा झोका मोठा असतो आणि चुंबक जवळ असेल तर सूर डळमळतो. आवाज फार चरचरीत वाटला तर टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ चा लावा, बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाते. मी नाही लावला, मला तो चरचरीतपणाच आवडतो, पिक मारला की बेसच्या वर एक तारेचा कडकडाट राहतो आणि गाण्यात वेगळा ऐकू येतो.

अ‍ॅम्पबद्दल मात्र सावध. घरच्या छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर हळू आवाजात चालेल, पण जोरात वाजवलं तर छोट्या स्पीकरचा कोन फाटू शकतो, ते काम त्याचं नाही. रिहर्सलला बेस अ‍ॅम्पला जोडा किंवा डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरसाठी जुळवून देणारा डबा) थेट मिक्सरला.

वाजवताना बोटांपेक्षा पिक बरा, कारण तारांमधली जागा गिटारइतकीच आहे, दोन बोटं आलटून पालटून चालवायला जागा कमी पडते. सहाच्या सहा तारांवर मोठे कॉर्ड वाजवू नका, खाली सगळा चिखल होतो. वरच्या तीन तारांवर कॉर्ड, खालच्या तीनवर बेसची ओळ. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा खोचला, भांडी घासायचा कोरा, वरचा हिरवा थर काढून टाकलेला, तर तोच जुना टिक-टॅक आवाज येतो, ड्रमच्या किकबरोबर मस्त बसतो.

जुना नट, जुना बॅरिटोन सेट आणि काढलेल्या स्प्रिंगा मी एका सुपारीच्या डबीत घालून केसमध्ये ठेवल्या आहेत, डबीवर स्केचपेनने तारीख आणि जुन्या अ‍ॅक्शनचं माप लिहून. बेसवाला दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने वाजवून पाहिला, म्हणे नेक बारीक आहे बे, आणि मग दोन तास सोडला नाही.